घर बाधलेलं नाही, पण सासऱ्यांना दाखवाच

पत्र थोडक्यात असं:

«माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. दिवाळीपासून आठवड्यातल्या तीन-चार रात्री तो झोपेत किंचाळत उठतो. वेळ ठरलेली, साडेअकरा ते पावणेबारा. डोळे सताड उघडे, अंग घामाने ओलंचिंब, छाती धडधडत असते. जवळ घेतलं तर मलाच ढकलतो आणि 'आई कुठंय' म्हणून ओरडतो. मी समोरच असते हो! दहा मिनिटांत आपोआप झोपतो, सकाळी काही आठवत नाही. दोनदा तर दारापर्यंत चालत गेला. मिस्टर एमआयडीसीत कारखान्यात आहेत, पाळ्या बदलतात. एकदा त्यांनी घाबरून तोंडावर पाणी मारलं, तर पोरगं आणखीच बिथरलं. शेजारी विचारतात, पोराला मारता का? सासूबाई म्हणतात घर बाधलंय, कारण सासरेही पहाटे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. नातू आजोबांवर गेलाय असं सगळे म्हणतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाप रात्री घरात असतो, तेव्हा पोरगं शांत झोपतं, म्हणजे ते बाहेरचं बापाला भितं, असं सासूबाईंचं म्हणणं. येत्या अमावास्येला देवऋषीकडे न्यायचं ठरलंय. मी घरी युनिफॉर्म शिवते, बारापर्यंत मशीनवर असते. कुणाची मदत नाही. परवा सासरे चुलीसमोर बसलेले असताना चटणीचे शेंगदाणे करपले, त्यांना वासच आला नाही. माझं काही चुकतंय का? उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, तिथं हा उठला तर? सासूबाईंशी वाद मात्र नको.
एक आई, सोलापूर»

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलासाठी, दुसऱ्यांदा सासऱ्यांसाठी. तीन पानांतली जवळजवळ सगळी मुलाबद्दल आहेत, सासऱ्यांच्या वाट्याला दोन-तीन ओळी. माझी काळजी मात्र नेमकी उलट आहे. मुलाचं जे चाललंय ते बघायला भयंकर असलं तरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. सासऱ्यांचं ओरडणं घराच्या अंगवळणी पडलंय, आणि डॉक्टरची गरज आधी त्यांना आहे. तरी सुरुवात मुलापासून करते. मुलाबद्दल जीव भांड्यात पडल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही, हे तीस वर्षं दवाखाना चालवून मला ठाऊक झालंय.

मुलाला जे होतंय त्याला डॉक्टर नाइट टेरर म्हणतात. तीन ते सात वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. मूल झोपल्यावर पहिल्या काही तासांत त्याची सगळ्यात गाढ झोप असते. गड्ड्याच्या जत्रेतून परतताना पोर खांद्यावर झोपतं, रिक्षात घातलं, जिना चढवला, चपला काढल्या, तरी त्याला पत्ता नसतो. ती ही झोप. तिच्यातून वर येताना कधी कधी मेंदूचा एक भाग जागा होतो आणि दुसरा झोपलेलाच राहतो. हातपाय, आवाज, छातीची धडधड, घाम हे सगळं जागं. ओळख पटवणारा भाग मात्र गाढ झोपेत. म्हणून डोळे उघडे असतात आणि त्याला दिसत कुणीच नाही. 'आई कुठंय' हे तो तुम्हाला नाकारून म्हणत नाही. त्या क्षणी त्याच्यासाठी तिथं कुणीच नसतं. सकाळी आठवत नाही, कारण आठवण साठवणारा भागही झोपलेलाच होता. म्हणजे त्या दहा मिनिटांचा त्रास खऱ्या अर्थानं तुम्हालाच होतो. त्याच्या लेखी ती रात्र शांतच गेलेली असते.

वाईट स्वप्न वेगळं. ते बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, गळ्याला मिठी मारतं आणि 'कुत्रा मागं लागला होता' असं सांगतं. त्याला जवळ घेऊन समजूत घालता येते. नाइट टेररमध्ये समजूत घालायला जाणं म्हणजे झोपलेल्या माणसाशी बोलणं. उलट धरून ठेवलं, हलवलं, पाणी मारलं की ते जास्त बिथरतं. तुमच्या मिस्टरांनी हे करून पाहिलंच आहे. त्यांना रागावू नका. घाबरलेला बाप तेच करतो.

आता सासूबाईंकडे येते. त्यांचं निरीक्षण मला फार आवडलं. बाप पहिल्या पाळीला असला की पोर शांत झोपतं, हे त्यांनी बरोबर टिपलंय. फक्त त्याचा अर्थ दुसराही लागतो. तुम्हीच लिहिता की मुलगा दहा-सव्वादहाला झोपतो आणि किंचाळतो साडेअकरानंतर. दुसरी पाळी अकराला सुटते. अक्कलकोट रोडवरून गाडीवर घरी यायला किती वेळ लागतो? मग लोखंडी गेट, कडी, गाडी आत घेताना उंबऱ्यावर होणारा तो आवाज. म्हणजे पोरगं झोपेच्या तळाशी असताना, ऐन सव्वा तासानं, रोज एकाच वेळी घरात खडखडाट होतो. गाढ झोपेतल्या मुलाला असा आवाज पूर्ण जागं करत नाही, अर्धवट ढवळतो. ज्याच्यात मुळात ही प्रवृत्ती आहे, त्याला तेवढं पुरतं.

हे खरं की खोटं, ते तपासायची सोय तुमच्याच घरात आहे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मिस्टर रात्रभर घरात नसतात. बाहेरचं जर बापाला भीत असेल, तर त्या आठवड्यात त्यानं रोज हजेरी लावायला हवी. आणि गेट कारण असेल, तर रात्री साडेअकराला गेट वाजतच नाही, म्हणून पोर बऱ्यापैकी शांत झोपायला हवं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आणि किंचाळल्याची वेळ सहा आठवडे लिहा. सासूबाईंनाच लिहायला सांगा. वाद घालायची वेळच येणार नाही. एक सांगून ठेवते, आवाजाशिवायही हे होऊ शकतं. ताप आला, लघवी तुंबून राहिली, दिवसभर दगदग झाली, झोप कमी पडली तरी होतं. तेव्हा एखाद्या रात्री हिशेब चुकला म्हणून लगेच अमावास्या मोजायला बसू नका.

(आपल्या गावात भुतालाही तीन नावं आहेत. मराठीत भूत, तेलुगूत दय्यम, कन्नडात देव्व. तिन्ही गल्ल्यांतल्या आया माझ्याकडे याच वयाची पोरं घेऊन यायच्या आणि वेळही हीच सांगायच्या, झोपल्यावर तासा-दीड तासानं. एकाही भुताला पहाटे चार वाजता नाइट टेरर द्यायला जमलेलं मी पाहिलं नाही.)

झोप कमी पडणं हे सगळ्यात मोठं कारण, आणि तिथं तुम्हाला काही करता येतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तुमचा मुलगा दहा-सव्वादहाला झोपून शाळेसाठी सव्वासहाला उठतो. बालवाडीत असताना दुपारी दीड-दोन तास झोपायचा, ती झोप पहिलीत गेली. म्हणजे जूनपासून उधारी साठत गेली आणि दिवाळीत फटाके, पाहुणे, जागरणं यांनी कळस गाठला. मेंदू उधारी वसूल करतो ती गाढ झोप वाढवून, आणि झोप जितकी गाढ तितकं अर्धवट जागं होण्याचं प्रमाण जास्त. म्हणून त्याला साडेआठ-नऊला झोपवा. घरातल्या टीव्हीला हे मानवणार नाही, मशीनलाही नाही, तरीही. मशीन पलीकडच्या खोलीत हलवता आली तर हलवा. नाहीच जमलं तर पहिले तीन तास कापणं, काज-बटणं असली बिनआवाजाची कामं करा आणि शिलाई सकाळी घ्या. जून जवळ आला की युनिफॉर्मच्या ऑर्डरी किती दबाव आणतात, ते मला कळतं. पण तो सीझन यायच्या आतच त्याची झोप मार्गी लावा.

दुसरा उपाय साधा आहे आणि पुष्कळ मुलांत चालतो. किंचाळण्याची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी त्याला एकदा हलकेच ढवळायचं. अंगावरून हात फिरवा, नावानं हाक मारा, तो कूस बदलून 'हं' म्हणाला की पुरे. वाटल्यास लघवीला नेऊन आणा. मग झोपू द्या. रोज, न चुकता, दोन ते चार आठवडे. झोपण्याची वेळ अलीकडे आणली की किंचाळण्याची वेळही सरकेल, म्हणून आधी आठवडाभर नवी वेळ बघा, मग हे सुरू करा. आणि मिस्टरांना सांगा, गेटच्या कडीला जुन्या टॉवेलची चिंधी गुंडाळा, गाडी चौकातच बंद करून ढकलत आणा. सोलापुरात टॉवेलची चिंधी मिळत नाही असं घर मी पाहिलेलं नाही.

किंचाळलाच, तर मोठा दिवा लावू नका, चारचौघांनी भोवती गोळा होऊ नका. पलंगाच्या कडेला, भिंतीला, दाराला लागणार नाही एवढं पाहा. एकच आवाज, हळू, 'आहे मी, झोप'. तो तुम्हाला ऐकतो म्हणून नाही, तुमचे हात थरथरायचे थांबावेत म्हणून. सकाळी विषय काढू नका. 'काल रात्री तू काय केलंस माहितीये का' असं चार पाहुण्यांत सांगितलं की मूल झोपायलाच घाबरतं, आणि मग कमी झोपतं. पुढे काय होतं ते तुम्हाला आता कळलंच आहे.

एका रात्री मोबाइलवर त्याचा व्हिडिओ मात्र काढा. मुलांच्या डॉक्टरांना तो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. एकाच रात्रीत तीन-चारदा होऊ लागलं, प्रत्येक वेळी हुबेहूब तीच हालचाल दिसली, अंग ताठ झालं, झटके आले, लाळ गळली, तर ते नाइट टेरर नसून फिट असू शकते. मग थांबू नका. तो तोंड उघडं ठेवून घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडेनॉइडच्या गाठी तपासून घ्या. श्वास अडकूनही झोप अशी मोडते, आणि गाठींचा उपाय केल्यावर कित्येक मुलांचं किंचाळणं थांबतं. यातलं काही नसेल तर बहुतेक मुलं मोठी होता होता, किशोरवयापर्यंत यातून बाहेर पडतात. औषध क्वचितच लागतं.

तुमचं काही चुकलेलं नाही. चालणं, किंचाळणं, बडबडणं हे घराण्यात चालतं. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या एका रात्री झोपेत जिना उतरून थेट गोठ्यात गेला आणि म्हशीशेजारी बसला. आईनं दुसऱ्या दिवशी म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून दाराच्या कडीला बांधली. पुढं मला कळलं, आमच्या वडलांनीही लहानपणी हेच केलं होतं. आजीनं कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. तुमच्याही माहेरी-सासरी विचारून बघा, कुणीतरी निघेल.

गच्ची. यावर मी अजिबात मऊ बोलणार नाही. पारा बेचाळीसच्या वर गेला की खोलीत झोपणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे. मीही याच गावात उन्हाळे काढलेत. पण जो मुलगा झोपेत दारापर्यंत चालत गेला, तो कठड्यापर्यंतही जाईल. आणि तुमचा कठडा गुडघ्याएवढा आहे. हा उन्हाळा त्यानं खालीच झोपायचं, फरशीवर गादी टाकून, कूलरसमोर. सासऱ्यांनीही. दाराला वरची कडी लावा आणि तिला घुंगरं बांधा. संक्रांतीच्या यात्रेतून आणलेल्या खेळण्यातली चालतील.

देवऋषीचं. दृष्ट काढा, सिद्धेश्वराचा अंगारा लावा, सासूबाईंच्या मनाला बरं वाटेल आणि पोराला काही अपाय होणार नाही. त्याच्या पुढं एक पाऊलही नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण मी कायद्यासाठी म्हणत नाही. अनोळखी माणसानं, अनोळखी जागी, धुरात, रात्री जागवून एका सहा वर्षांच्या पोराला घाबरवायचं, आणि मग त्यानं रात्री शांत झोपावं अशी अपेक्षा करायची? झोपमोड आणि भीती या दोन्हीनं हा त्रास वाढतो. सासूबाईंना इतकंच म्हणा, 'डॉक्टरबाईंनी सहा आठवडे मागितलेत, तोवर कॅलेंडर तुम्ही सांभाळा.'

आता सासरे.

नातू त्यांच्यावर गेलेला नाही. दोघांचं ओरडणं कानाला सारखं लागतं, पण दोघांच्या झोपेचे टप्पे वेगळे आहेत. नातवाचं रात्रीच्या सुरुवातीला, बिनस्वप्नाच्या गाढ झोपेत. आजोबांचं पहाटे चार-पाचला, आणि तुम्ही लिहिता की उठवलं तर लगेच शुद्धीवर येतात आणि 'चोर अंगावर आला होता, त्याला लाथ घातली' असं सांगतात. ही स्वप्नांची झोप. स्वप्न पडत असताना आपला मेंदू मानेखालच्या स्नायूंना एक प्रकारचा ब्रेक लावून ठेवतो, म्हणून स्वप्नात आपण धावतो पण पलंगावर पाय हलत नाहीत. हा ब्रेक सुटला की माणूस स्वप्न जगायला लागतो. फ्रान्समध्ये मिशेल झूवे यांनी १९६५ मध्ये मांजरांच्या मेंदूतला हा ब्रेक निकामी करून दाखवला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालू लागली. माणसांत हा आजार म्हणून १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शेंक आणि माहोवाल्ड यांनी नोंदवला. डॉक्टर त्याला आरबीडी म्हणतात. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांत जास्त आढळतो.

यात दोन धोके आहेत. पहिला आजचा. एकदा ते कॉटवरून पडलेत, आणि सासूबाईंच्या दंडावर लाथेचा काळानिळा डाग पडलाय, हे तुम्ही ओघात लिहिलंत. आज रात्रीपासून त्यांची गादी जमिनीवर घ्या, जवळचं स्टूल, तांब्या, कोपऱ्याचं टेबल हलवा, आणि सासूबाईंनी काही दिवस वेगळ्या अंथरुणावर झोपावं. पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे सांगणं सोपं नाही, पण 'लाथ लागते' म्हटलं की त्यांना पटेल.

दुसरा धोका उद्याचा, आणि तो मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्यांना आरबीडी असतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पुढं काही वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी, पार्किन्सन (कंपवात) किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. वास न येणं आणि जुनं बद्धकोष्ठ हीसुद्धा त्याचीच फार आधी येणारी लक्षणं असू शकतात. तुमचे शेंगदाणे करपले आणि समोर बसलेल्या माणसाला कळलं नाही, हे तुम्ही मदत नसल्याची तक्रार म्हणून लिहिलंत. त्यांच्यावर चिडू नका; त्यांना खरंच वास आला नसेल. अर्थात सर्दीनं, नाकातल्या वाढीनंही वास जातो, उदासीवरच्या काही गोळ्यांनीही झोपेत असे हातपाय चालतात, आणि जोरात घोरणाऱ्याचा श्वास अडकला की तोही असाच धडपडतो. म्हणून निदान घरी बसून करायचं नाही, मीही पत्रावरून करत नाही.

त्यांना सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत किंवा न्यूरोलॉजिस्टकडे न्या. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, साखरेच्या आणि बीपीच्यासुद्धा. डॉक्टर रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील, तीत डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा लावून झोपवतात आणि स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडतात की नाही ते बघतात. दुखत नाही. औषधानं हातपाय मारणं पुष्कळ आटोक्यात येतं, पण दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नका. श्वास अडकणाऱ्याला ती घातक ठरू शकते.

त्यांना पटवायला कठीण जाईल. गिरणीत तीन पाळ्या केलेला माणूस झोपेला आजार मानत नाही. 'झोपेत मी काय करतो ते मला काय माहीत' असं म्हणतील, आणि खरंच त्यांना माहीत नसतं. म्हणून ओपीडीत जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्यांना बसवा. किती वर्षांपासून, किती वाजता, कुठली लाथ, कुठला शब्द, हे सगळं त्यांनीच पाहिलंय. दंडावरचा डागही दाखवायला सांगा.